केसपेपर लिहिणाऱ्या यंत्राला नीट ऐकू यावे म्हणून

गेल्या काही महिन्यांत या सदराच्या वाचकांकडून एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत आला आहे. "तपासताना डॉक्टर टेबलावर मोबाइल सुरू करून ठेवतात. तो आमचे बोलणे ऐकून आपोआप केसपेपर लिहितो म्हणे. त्यावर विश्वास ठेवावा का?" प्रश्न रास्त आहे. उत्तर थोडक्यात असे, की हे यंत्र किती बरोबर लिहील हे पुष्कळ अंशी त्याला किती स्पष्ट ऐकू येते यावर अवलंबून असते. ते स्पष्ट ऐकू यावे यासाठी जे करायचे ते बहुतेक बिनखर्चाचे आहे. त्यातले अर्धे काम डॉक्टरांचे आणि अर्धे रुग्णाचे. म्हणूनच हा विषय आज वाचकांपुढे मांडत आहे.

हे यंत्र करते तरी काय?

रुग्ण तपासताना डॉक्टरांची दोन कामे एकाच वेळी चालू असतात, ऐकण्याचे आणि लिहिण्याचे. लिहायला मान खाली घातली की रुग्णाच्या चेहऱ्याकडे लक्ष राहत नाही, आणि चेहऱ्याकडे पाहत बसले तर कागद कोरा राहतो. ओपीडीत गर्दी असली की केसपेपरवर दोन ओळी आणि औषधांची नावे एवढेच उतरते. सहा महिन्यांनी तोच रुग्ण पुन्हा आला, की मागच्या वेळी त्याने नेमके काय सांगितले होते याचा पत्ता लागत नाही.

ही अडचण सोडवण्यासाठी संभाषण ऐकून टिपण तयार करणाऱ्या संगणक प्रणाली निघाल्या. अमेरिकेत २०२० साली न्युआन्स या कंपनीने अशी प्रणाली बाजारात आणली आणि २०२२ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली. कॅलिफोर्नियातील परमनन्टे मेडिकल ग्रुप या डॉक्टरांच्या मोठ्या संस्थेने २०२३ च्या अखेरीस अशी सोय सुरू केली, तेव्हा पहिल्या दहा आठवड्यांतच ३,४४२ डॉक्टरांनी ती सुमारे ३ लाख भेटींसाठी वापरली. आपल्याकडेही अशी अ‍ॅप्स आली आहेत आणि मोठ्या शहरांतून ती आता लहान गावांच्या दवाखान्यांत पोचू लागली आहेत.

काम चार टप्प्यांत होते. पहिला टप्पा, मोबाइलचा मायक्रोफोन आवाज पकडतो. दुसरा, संगणक त्या आवाजाचे शब्द करतो. तिसरा, त्या शब्दांतून तक्रार, तपासणी, निदान आणि औषध अशी मांडणी करून टिपण तयार होते. चौथा टप्पा डॉक्टरांचा. त्यांनी ते टिपण वाचायचे, दुरुस्त करायचे आणि मगच कायम करायचे.

आता रक्ततपासणीचे उदाहरण घ्या. लॅबमधले मशीन कितीही महागाचे असो, रक्त ओढताना तांबड्या पेशी फुटल्या तर पोटॅशियमचा आकडा खोटाच वाढलेला येतो. दोष मशीनचा नसतो, नमुन्याचा असतो. येथेही तसेच आहे. आवाज हा नमुना आहे. नमुना बिघडला तर पुढचे तिन्ही टप्पे बिघडतात.

न ऐकलेल्या जागी यंत्र काय लिहिते?

धोका कोठे आहे ते आधी समजून घेऊ. जुन्या काळचा कंपाउंडर किंवा नर्स लिहून घेत असेल आणि एखादा शब्द ऐकू आला नाही, तर ती "काय म्हणालात?" असे विचारते, निदान जागा मोकळी तरी सोडते. ही यंत्रे बहुधा तसे करीत नाहीत. मागचा-पुढचा संदर्भ पाहून तेथे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, याचा अंदाज ती बांधतात आणि तोच शब्द लिहून मोकळी होतात. वाक्य व्याकरणशुद्ध असते, अक्षर सुबक असते. त्यामुळे वाचणाऱ्याला शंकाही येत नाही.

आवाजाचे शब्द करणारी 'व्हिस्पर' नावाची प्रणाली ओपनएआय कंपनीने २०२२ साली खुली केली. २०२४ साली अमेरिकेतील संशोधकांनी तिची तपासणी केली. ध्वनिफितींच्या सुमारे १ टक्का तुकड्यांत, मूळ बोलण्यात मुळीच नसलेली अख्खी वाक्ये किंवा वाक्यांश घुसल्याचे त्यांना आढळले. अशा घुसलेल्या मजकुरापैकी सुमारे ३८ टक्के मजकूर अपाय करू शकेल असा होता. ज्यांच्या बोलण्यावर मेंदूच्या विकाराने परिणाम झाला आहे आणि ज्यांच्या दोन शब्दांमध्ये लांब थांबे पडतात, अशांच्या बाबतीत हे प्रमाण अधिक होते. प्रणाली दरवर्षी सुधारत आहेत हे खरे. परंतु १ टक्का हा आकडा लहान समजू नये. दिवसाला साठ रुग्ण आणि प्रत्येकाची शंभर वाक्ये धरली, तर त्याचा अर्थ काय होतो तो वाचकांनीच हिशेब करून पाहावा.

मराठीतला 'नाही' शेवटी येतो

आपल्या भाषेची एक खास अडचण आहे. इंग्रजीत नकार वाक्यात लवकर येतो. मराठीत तो बहुधा अगदी शेवटी येतो. "छातीत दुखत नाही", "पेनिसिलिन चालत नाही", "लघवीला जळजळ होत नाही". बोलताना वाक्याच्या शेवटी आपला श्वास संपत आलेला असतो आणि आवाज खाली जातो. वयस्कर माणसे, धाप लागलेले रुग्ण आणि संकोचाने बोलणाऱ्या स्त्रिया यांच्या बाबतीत तर शेवटचा शब्द ओठांतच राहतो. म्हणजे ज्या शब्दावर सगळा अर्थ उभा, नेमका तोच सर्वांत हळू उच्चारला जातो. तो पंख्याच्या घरघरीत बुडाला, तर "छातीत दुखत नाही" याचे "छातीत दुखते" व्हायला वेळ लागत नाही. "पेनिसिलिन चालत नाही" याचे "पेनिसिलिन चालते" झाले, तर काय अनर्थ होईल हे सांगायला नको.

दुसरी अडचण आकड्यांची. सात आणि साठ यांत फरक एका वर्णाचा. एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांची सुरुवात सारखी. इंग्रजीतले फिफ्टीन आणि फिफ्टी तर गोंधळासाठी प्रसिद्धच आहेत. थायरॉइडची गोळी मायक्रोग्राममध्ये असते, तिथे पंधरा-पन्नासचा घोटाळा परवडत नाही. औषधांच्या नावांचेही तेच. मेटफॉर्मिन मधुमेहाचे, मेट्रोनिडाझोल जंतुसंसर्गाचे. ग्लिमेपिराइड आणि ग्लिपिझाइड दोन्ही मधुमेहाची, पण मात्रा वेगळी. संधिवातासाठी देतात ती मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. "आठवड्यातून एकदा" याऐवजी "दिवसातून एकदा" लिहिले गेले आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर ते जिवावर बेतू शकते.

तिसरी गोष्ट आपल्या बोलीची. घेरी येते, भोवळ येते, पाठीत उसण भरली, पोटात कळ येते, अंगावरून जाते, हातापायांना मुंग्या येतात, ढाळ लागले, असे आपले रुग्ण सांगतात. हे शब्द यंत्राच्या फारसे परिचयाचे नसतात. परिचयाचा शब्द अर्धवट ऐकू आला तरी यंत्र तो ओळखते, अपरिचित शब्द मात्र स्पष्टच ऐकू यावा लागतो. म्हणून मराठी बोलणाऱ्यांच्या दवाखान्यात आवाजाची काळजी जास्तच घ्यायला हवी.

पहिला उपाय: अंतर कमी करा

सर्व उपायांत हा सर्वांत मोठा आणि फुकटचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची तीव्रता चौथाई होते, चौपट झाले की सोळावा हिस्सा उरते. बंद खोलीत पंखा, रस्ता आणि बाहेरची गर्दी यांचा आवाज मात्र सगळीकडे जवळपास सारखाच भरून असतो. मोबाइल दूर ठेवला की बोलणे लहान होते आणि गोंगाट तेवढाच राहतो.

१८१६ साली पॅरिसमध्ये रेने लाएनेक या डॉक्टराने कागदाची सुरळी करून तिचे एक टोक रुग्णाच्या छातीवर आणि दुसरे आपल्या कानाला लावले, आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. हृदयाचा आवाज ऐकायचा तर साधन छातीला टेकवावे लागते, हे आम्ही डॉक्टर रोज पाळतो. मोबाइलच्या बाबतीत मात्र तो टेबलाच्या आमच्याच बाजूला, प्रिस्क्रिप्शन पॅडच्या आड ठेवतो. वास्तविक डॉक्टरांचा आवाज मोठा आणि सरावाचा असतो, रुग्णाचा लहान आणि दबलेला. म्हणून मोबाइल रुग्णाच्या बाजूला हवा. रुग्णाच्या तोंडापासून दीड-दोन वीत अंतर चांगले, एका हातापेक्षा जास्त नको.

माझ्या दवाखान्यात मी मोबाइल तीन जागी ठेवून तेच संभाषण ऐकून पाहिले: माझ्या हाताशी, टेबलाच्या मध्यावर आणि रुग्णाच्या कडेला. पहिल्या जागी रुग्णाच्या वाक्यांचे शेवट ऐकू येत नव्हते. तिसऱ्या जागी दोघांचेही बोलणे स्वच्छ होते. एक पैसा खर्च न होता फरक पडला तो इतकाच.

ज्यांना खर्च करणे शक्य आहे त्यांनी वायरचा छोटा कॉलर मायक्रोफोन घ्यावा. तो हनुवटीखाली साधारण वीतभर अंतरावर लावावा. पदर, मंगळसूत्र किंवा मफलर त्यावर घासणार नाही हे पाहावे. डॉक्टरांनी स्वतःला लावला असेल तर गळ्यातला स्टेथोस्कोप त्यावर आपटत राहतो, तेव्हा त्याची जागा बदलावी. बिनतारी ब्लूटूथ हेडसेटमध्ये बोलण्याचा आवाज बऱ्याचदा दाबून पाठवला जातो, त्यामुळे साधा वायरचा मायक्रोफोन पुष्कळदा सरस ठरतो.

दुसरा उपाय: गोंगाट आणि घुमारा कमी करा

दवाखान्यात बसून दोन मिनिटे डोळे मिटा आणि फक्त ऐका. छताचा पंखा, कूलर, इन्व्हर्टरची गुणगुण, बाहेरच्या खोलीतला टीव्ही, रस्त्यावरचे हॉर्न, शेजारच्या पिठाच्या गिरणीची घरघर. आपल्या मेंदूला नको ते बाजूला सारायची सवय असते, म्हणून हे आवाज जाणवत नाहीत. मायक्रोफोनला ती सवय नाही. तो सगळेच टिपतो.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पंखा आणि कूलर बंद करा असे सांगणे हा रुग्णांवर अन्याय होईल. पण पंख्याचा रेग्युलेटर एक घर खाली आणता येतो. कूलरचे तोंड टेबलाकडे न ठेवता वळवता येते. टेबलफॅनचा वारा मोबाइलवर थेट येत असेल तर नुसती फडफड रेकॉर्ड होते, ती टाळता येते. बाहेरच्या टीव्हीचा आवाज बंद ठेवता येतो आणि तपासणीच्या खोलीचे दार लावता येते. दार लावल्याने रुग्णाची खाजगी बाबही बाहेर जात नाही, हा दुसरा फायदा.

घुमाऱ्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. फरशी, टाइल्स लावलेल्या भिंती, काचेची दारे आणि वर स्लॅब अशा खोलीत प्रत्येक शब्द भिंतींवर आपटून पुन्हा मायक्रोफोनवर येतो आणि पुढच्या शब्दात मिसळतो. न्हाणीघरात गाणे छान वाटते ते याचमुळे, पण केसपेपरला ते मानवत नाही. जाड पडदे, कापडी पडद्याचे पार्टिशन, पुस्तकांचे उघडे कपाट, तपासणीच्या टेबलावरची गादी यांनी घुमारा पुष्कळ कमी होतो. मोबाइल भिंतीला किंवा कोपऱ्याला लागून ठेवू नये.

टेबलावर होणारे लहान आवाज मायक्रोफोनला मात्र मोठे वाटतात. पेन आपटणे, शिक्का मारणे, स्टेपलर, गोळ्यांची पट्टी फाडणे, बीपीचा पट्टा सोडताना होणारा चरचराट, हे सगळे तीन-चार शब्द गिळून टाकतात. मोबाइलखाली नॅपकिनची जाडसर घडी ठेवली की टेबलाचे हादरे पोचत नाहीत. बीपीचा पट्टा सोडताना, नेब्युलायझर चालू असताना किंवा बाळ रडत असताना महत्त्वाचा प्रश्न विचारू नये. विचारला असल्यास उत्तर पुन्हा एकदा म्हणवून घ्यावे.

तिसरा उपाय: मोबाइलची निगा

बहुतेक मोबाइलचा मुख्य मायक्रोफोन खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेजवळच्या बारीक छिद्रात असतो. त्यात धूळ, पावडर किंवा खिशातला कचरा बसतो. मऊ कोरड्या ब्रशने ती जागा साफ करावी, टाचणी घालू नये. कव्हरने छिद्र झाकले जात नाही ना ते पाहावे. ती कडा रुग्णाकडे करून मोबाइल ठेवावा. खिशात ठेवून रेकॉर्डिंग करू नये, कारण कापडाची खसखस बोलण्यापेक्षा मोठी होते.

मध्येच फोन आला की अनेक मोबाइलवर रेकॉर्डिंग थांबते, आणि थांबल्याचे लक्षातही येत नाही. म्हणून तपासणीच्या वेळी येणारे कॉल बंद ठेवण्याची सोय वापरावी. बॅटरी वाचवण्याची सोयही काही वेळा अ‍ॅप मध्येच बंद पाडते, ती काढून ठेवावी.

ध्वनीच्या दर्जाची निवड करायची असल्यास एवढे लक्षात ठेवावे, की बोलणे ओळखण्यासाठी सेकंदाला १६ हजार नमुने पुरेसे असतात. त्याच्या निम्म्या दर्जावर स, श, फ यांसारखी सुसकारी व्यंजने अंधुक होतात. गोंगाट गाळण्याची सोय अ‍ॅपमध्ये आधीच असेल तर मोबाइलमध्ये वेगळी सोय लावून दोनदा गाळू नये. फार गाळल्याने गोंगाटाबरोबर हळू बोललेले शब्दही जातात.

फोनवरून सल्ला घेताना विशेष काळजी हवी. जुन्या पद्धतीच्या टेलिफोन लाइनवर आवाजाचा फक्त ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो, म्हणून 'स' आणि 'फ' यांत गल्लत होते. एसटी स्टँडवर उभे राहून, मोटरसायकलवर मागे बसून किंवा शेतात वाऱ्यात उभे राहून डॉक्टरांशी बोलू नये. घरात, शांत जागी, मोबाइल तोंडाजवळ धरून बोलावे. औषधाचे नाव सांगताना पट्टी हातात घेऊन अक्षरे एकेक करून वाचावीत.

चौथा उपाय: बोलण्याची शिस्त

येथून पुढचा भाग रुग्णांनी आणि त्यांच्या नातेवाइकांनी मुद्दाम वाचावा.

आपल्याकडे रुग्ण एकटा येत नाही. मुलगा, सून, कधी शेजारीही बरोबर असतो आणि तिघेही एकदम सांगतात. माणसाच्या कानाला त्यातून एक आवाज निवडता येतो, यंत्राला ते फार अवघड जाते. सुनेने स्वतःच्या आईच्या मधुमेहाचा उल्लेख केला आणि तो रुग्णाच्या नावावर लागला, असे होऊ शकते. म्हणून आधी रुग्णाने बोलावे, मग नातेवाइकांनी, एका वेळी एकाने. सांगताना "तिला", "त्यांना" असे न म्हणता "सासूबाईंना", "माझ्या मोठ्या भावाला" असे नाते घेऊन सांगावे.

"इथे दुखते" असे सांगून रुग्ण बोट ठेवतो. डॉक्टरांना दिसते, यंत्राला दिसत नाही. टिपणात नुसते "दुखते" एवढेच येते, किंवा यंत्र आपल्या मनाने जागा ठरवते. तेव्हा "बेंबीच्या वर, उजव्या बाजूला" असे तोंडाने म्हणावे. रुग्णाला सांगता आले नाही तर डॉक्टरांनी म्हणावे. डॉक्टरांची तपासणीही मुकी असते. पोट मऊ लागले, डाव्या पायाला सूज आहे, छाती स्वच्छ आहे, हे हाताला आणि कानाला कळलेले असते पण बोललेले नसते. ते मोठ्याने उच्चारले तरच टिपणात येईल. त्याने रुग्णालाही आपल्याला काय तपासले ते कळते.

नकार ठासून सांगा. "नाही" हा शब्द गिळू नका. डॉक्टरांनी विचारल्यावर नुसती मान हलवू नका. "छातीत दुखत नाही" असे पूर्ण वाक्य म्हणा. आकडा सांगताना दोनदा सांगा, एकदा नेहमीसारखा आणि एकदा सुटा: "दीडशे, म्हणजे एक-पाच-शून्य." मास्क लावला असेल तर थोडे सावकाश बोला, ओरडू मात्र नका. ओरडल्याने आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज यंत्राला अधिकच कळेनासा होतो. दाताची कवळी असल्यास ती घालून दवाखान्यात यावे. तोंडात तंबाखू-सुपारी ठेवून बोलू नये. ती तर एरवीही नको.

पाचवा उपाय: शेवटी उजळणी

आवाज कितीही चांगला असला तरी एक शेवटची चाळणी हवीच. भेट संपवताना डॉक्टरांनी अर्ध्या मिनिटात सगळे मोठ्याने म्हणावे. उदाहरणार्थ: "तीन दिवसांपासून ताप आणि खोकला. धाप लागत नाही, छातीत दुखत नाही. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे, ते द्यायचे नाही. पॅरासिटामॉल पाचशे, पाच-शून्य-शून्य, ताप असेल तेव्हा एक, दोन गोळ्यांत सहा तासांचे अंतर. ताप उतरला नाही तर तीन दिवसांनी पुन्हा यायचे."

या उजळणीने तीन गोष्टी साधतात. महत्त्वाचे शब्द सरावाच्या, स्पष्ट आवाजात एकदा तरी रेकॉर्ड होतात. रुग्णाला चूक लगेच लक्षात येते आणि तो "नाही डॉक्टर, खोकला आठवड्यापासून आहे" असे सांगू शकतो. आणि घरी जाईपर्यंत अर्धे विसरले जाते, ते पक्के होते. डॉक्टरांनी उजळणी केली नाही तर रुग्णाने स्वतः म्हणावे, "डॉक्टर, मी एकदा सांगून पाहतो, बरोबर आहे का बघा." यात कोणाचा अपमान नाही.

पक्षाघातानंतर ज्यांचे बोलणे अडखळते, ज्यांना फार धाप लागली आहे, जे बहिरेपणामुळे भलतेच उत्तर देतात, अशा रुग्णांच्या बाबतीत मी यंत्राच्या टिपणावर विसंबत नाही. हाताने लिहितो. यंत्र कोठे वापरावे याइतकेच कोठे वापरू नये हेही महत्त्वाचे आहे.

रुग्णाचा हक्क

आपले बोलणे रेकॉर्ड होत आहे हे रुग्णाला आधी सांगितलेच पाहिजे आणि त्याची संमती घेतली पाहिजे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला, त्याचा गाभाच संमती हा आहे. "नको" म्हणण्याचा रुग्णाला अधिकार आहे आणि तसे म्हटल्याने उपचारात काही उणे होता कामा नये. एखादी खाजगी गोष्ट सांगायची असेल तर "जरा मोबाइल बंद ठेवता का?" असे विचारावे. कुजबुजत सांगण्यापेक्षा ते बरे. कुजबुजलेले यंत्राला धड कळत नाही आणि ते भलतेच लिहून ठेवते.

रुग्णाने आपल्या नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांत द्याव्यात, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत म्हटले आहे. तेव्हा टिपणाची प्रत मागा, घरी वाचा किंवा शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या. अ‍ॅलर्जी, औषधाची मात्रा, डावे-उजवे आणि 'नाही' या चार ठिकाणी बोट ठेवून पाहा. चूक दिसली तर निःसंकोच सांगा. तोच कागद उद्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या डॉक्टरांपुढे जाणार आहे आणि ते त्यावर विश्वास ठेवणार आहेत. यंत्राने लिहिले ही सबब तेथे चालत नाही. टिपणाखाली सही डॉक्टरांची असते, जबाबदारीही त्यांचीच.

एक सोपी चाचणी

माझ्या व्यवसायबंधूंसाठी शेवटी एक चाचणी सुचवतो. रुग्णाच्या खुर्चीवर स्वतः बसा. पंखा नेहमीसारखा चालू ठेवा. आजारी माणसाच्या हळू आवाजात तीन वाक्ये म्हणा: "छातीत दुखत नाही. गोळी आठवड्यातून एकदाच घेतो. डावा गुडघा साठ दिवसांपासून सुजला आहे." मग कानाला इअरफोन लावून ते रेकॉर्डिंग ऐका. 'नाही', 'आठवड्यातून', 'डावा' आणि 'साठ' हे चार शब्द कान न ताणता ऐकू आले पाहिजेत. तुम्हाला कान ताणावा लागला तर यंत्राने अंदाज बांधला असे समजा. मोबाइलची जागा बदला, पंखा कमी करा, पुन्हा म्हणा. पंधरा मिनिटांत दवाखान्यातली योग्य जागा सापडते. ऋतू बदलला, कूलर लावला किंवा मोबाइल बदलला की चाचणी पुन्हा करावी.

लक्षात ठेवा

१. मोबाइल रुग्णाच्या बाजूला, तोंडापासून दीड-दोन वीत अंतरावर, खाली कापडाची घडी.

२. दार बंद, टीव्ही बंद, पंख्याचा वारा मोबाइलवर नको.

३. एका वेळी एकानेच बोलावे. नाते घेऊन सांगावे.

४. "इथे" न म्हणता जागेचे नाव घ्यावे. मान न हलवता "हो" किंवा "नाही" तोंडाने म्हणावे.

५. आकडे दोनदा, औषधाचे नाव पट्टी पाहून.

६. शेवटी मोठ्याने उजळणी. ती झाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये.

७. टिपणाची प्रत मागून वाचावी.

यंत्र हे लेखनिक आहे, डॉक्टर नव्हे. चांगल्या लेखनिकालाही मजकूर स्पष्ट सांगावा लागतो आणि त्याने लिहिलेले वाचून पाहावे लागते. एवढे दोन्ही बाजूंनी पाळले तर डॉक्टरांची मान कागदावरून वर येईल आणि ते रुग्णाकडे पाहून बोलू लागतील.